घुमटांची वाटचाल

‘घुमट’ हा शब्द आपल्या कोकणपट्टीत दोन अर्थांनी नांदतो. एक घुमट इमारतीच्या माथ्यावर चढतो. दुसरा गोमंतकातील माणसाच्या मांडीवर विसावतो. मातीच्या मडक्याच्या तोंडावर कातडे ताणून केलेले हे वाद्य मांडोच्या सुरांना साथ देते, तसेच देवळातील आरतीलाही देते. दोन्ही घुमटांचे मर्म एकच आहे. आत पोकळी, भोवती पातळ कवच आणि त्या पोकळीत घुमणारा नाद. छपराचा घुमट पाहताना आपले डोळे वर जातात, आवाज आपोआप खाली येतो आणि मनुष्य क्षणभर स्वतःपेक्षा मोठ्या कशाच्या तरी सान्निध्यात उभा राहतो. म्हणूनच की काय, जगातील अनेक धर्मांनी आपल्या पवित्र वास्तूंसाठी हा आकार आपलासा केला.

या लेखात आम्ही वाचकांना काही थोर घुमटांच्या भेटीला नेणार आहोत. त्यांची उंची-रुंदी सांगणे एवढाच आमचा हेतू नाही. हे घुमट कोणी उभारले, कोणाच्या हातून ते कोणाच्या हाती गेले आणि इतकी शतके ते कसे टिकले, हे पाहिले म्हणजे वारसा या शब्दाचा खरा अर्थ ध्यानी येतो.

प्रथम घुमटाचे शास्त्र थोडक्यात समजून घेऊ. कमान आपल्या भाराने दोन्ही पायांना बाहेर ढकलते, हे कोणताही गवंडी सांगेल. घुमट म्हणजे जणू आपल्याच मध्याभोवती फिरवलेली कमान. त्याचा वरचा भाग आत दाबला जातो आणि घट्ट बसतो. खालचा भाग मात्र सर्व दिशांना फाकू पाहतो. हे फाकणे थोपवायचे कसे, हाच घुमट बांधणाऱ्यापुढील सनातन प्रश्न. पुढे येणारी प्रत्येक वास्तू या एकाच प्रश्नाचे वेगळे उत्तर आहे.

रोमचे पँथिऑन

सम्राट हाड्रियन याच्या कारकिर्दीत, इ. स. १२५ च्या सुमारास, रोममध्ये पँथिऑन हे देवतांचे मंदिर पूर्ण झाले. त्याच्या घुमटाचा आतील व्यास ४३.३ मीटर असून जमिनीपासून माथ्यापर्यंतची उंचीही तितकीच आहे. म्हणजे त्या मंदिरात एक पूर्ण गोल नेमका बसेल. माथ्यावर आठ-नऊ मीटर रुंदीचे उघडे वर्तुळ आहे. त्यातून ऊन येते, चांदणे येते आणि पाऊसही येतो.

रोमन कारागिरांनी फाकण्याच्या प्रश्नाला जाड भिंतीने उत्तर दिले. घुमट पेलणारी गोल भिंत सुमारे सहा मीटर जाडीची आहे. घुमट हलका व्हावा म्हणून त्यांनी काँक्रीटमध्ये खाली जड दगड आणि वर जाताना अधिकाधिक हलका दगड घातला. अगदी माथ्याजवळ ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड वापरला. आतून खोबण्यांच्या पाच रांगा कोरून आणखी भार कमी केला. लोखंडी सळई नसलेल्या काँक्रीटचा इतका मोठा घुमट जगात आजही दुसरा नाही.

परंतु पँथिऑन टिकले ते केवळ काँक्रीटमुळे नव्हे. रोमची इतर मंदिरे ओस पडली, लोकांनी त्यांचे दगड उचलून नेले. इ. स. ६०९ मध्ये सम्राट फोकास याने पँथिऑन पोप चौथे बोनिफेस यांना दिले आणि पोपमहाशयांनी ते पवित्र मरिया व सर्व हुतात्म्यांच्या नावे ख्रिस्तमंदिर म्हणून अर्पण केले. त्या दिवसापासून त्या वास्तूला राखणदार मिळाला. आजही तेथे मिस्सा होते, आणि पेंटेकॉस्टच्या दिवशी माथ्यावरील वर्तुळातून गुलाबाच्या पाकळ्या भाविकांवर वर्षतात. अन्य श्रद्धेने बांधलेली वास्तू आपल्या श्रद्धेने सांभाळली, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिची गरज पडणार आहे.

कॉन्स्टँटिनोपलची पवित्र प्रज्ञा

इ. स. ५३२ च्या जानेवारीत कॉन्स्टँटिनोपल नगरात मोठे बंड झाले. हजारो माणसे मारली गेली आणि नगराचे प्रमुख ख्रिस्तमंदिर जळून गेले. बंड मोडल्यावर दीड महिन्याच्या आत सम्राट जस्टिनियन याने नव्या मंदिराचे काम सुरू केले. त्याने ते काम नेहमीच्या गवंड्यांच्या म्होरक्याकडे न देता त्रालेस येथील अँथेमियस आणि मिलेतस येथील इसिदोर या दोन गणितज्ञांकडे सोपवले. सहा वर्षांच्या आत, २७ डिसेंबर ५३७ रोजी, ‘हागिया सोफिया’ म्हणजे ‘पवित्र प्रज्ञा’ या नावाने ते मंदिर अर्पण झाले. ही प्रज्ञा म्हणजे स्वतः प्रभू ख्रिस्त. मंदिरात पाऊल टाकताना आपण शलमोन राजावर मात केल्याचे उद्गार जस्टिनियनने काढले, अशी आख्यायिका आहे.

पँथिऑनचा घुमट गोल भिंतीवर बसला आहे. येथे मात्र गोल घुमट चौकोनावर बसवायचा होता. चार प्रचंड खांब, त्यांवर चार कमानी आणि कमानींमधील कोपऱ्यांत त्रिकोणी, आत झुकणारे वक्र आधार, अशी योजना या दोघांनी केली. घुमट पूर्व-पश्चिमेला फाकू नये म्हणून दोन्ही बाजूंना अर्धे घुमट टेकवले. मुख्य घुमटाचा व्यास सुमारे ३१ मीटर. त्याच्या बुडाशी ४० खिडक्यांची माळ आहे. सकाळचे ऊन त्यांतून आत शिरले म्हणजे घुमट भिंतीवर टेकलेलाच नाही, असे वाटते. तो जणू आकाशातून टांगला आहे, असे त्या काळचा इतिहासकार प्रोकोपियस यानेही लिहून ठेवले आहे.

पण घाईची किंमत मोजावी लागली. चुना पुरता वाळण्यापूर्वीच वरचा भार चढल्याने खांब बाहेर कलले. त्यातच भूकंपांचे धक्के बसले आणि इ. स. ५५८ मध्ये घुमट कोसळला. पहिल्या इसिदोरच्या पुतण्याने, धाकट्या इसिदोरने, तो सुमारे सहा मीटर अधिक उंच करून पुन्हा बांधला, कारण उभट घुमट कमी फाकतो. इ. स. ५६२ मध्ये मंदिराचे पुन्हा अर्पण झाले. तरी संकटे संपली नाहीत. ९८९ च्या भूकंपात घुमटाचा एक भाग पडला, तो आर्मेनियाच्या त्रदात नावाच्या स्थपतीने उभारला. १३४६ मध्ये दुसरा भाग पडला, तोही पुन्हा बांधला गेला.

या मंदिराला झालेली सर्वांत खोल जखम मात्र भूकंपाची नव्हे. इ. स. १२०४ मध्ये चौथ्या धर्मयुद्धाचे सैनिक, म्हणजे छातीवर क्रूस मिरवणारे आपलेच लॅटिन ख्रिस्ती बंधू, या ख्रिस्ती नगरावर तुटून पडले. त्यांनी हागिया सोफियाची लूट केली, पवित्र भांडी पळवली. हे समजताच पोप तिसरे इनोसंट यांनी त्यांचा कडक निषेध केला. पण पूर्वेकडील आणि पश्चिमेकडील ख्रिस्तसभांमधील दरी त्या दिवसांत जी रुंदावली, ती अजून पुरती बुजलेली नाही. २००१ साली अथेन्स येथे पोप दुसरे जॉन पॉल यांनी या कृत्याबद्दल देवाकडे क्षमायाचना केली. तोपर्यंत जवळजवळ आठशे वर्षे लोटली होती.

२९ मे १४५३ रोजी ऑटोमन सुलतान दुसरा मेहमेद याने नगर जिंकले आणि मंदिराची मशीद झाली. ख्रिस्ती माणसाला हे वाचताना वेदना होतात. तरी सत्याला सोडून चालणार नाही. सुलतानांनी ती वास्तू पाडली नाही, सांभाळली. सोळाव्या शतकात थोर तुर्की स्थपती सिनान याने बाहेरून भक्कम आधार बांधून तिला सावरले. त्याच घुमटाकडे पाहत त्याने आपल्या मशिदींचे घुमट उभारले. १८४७ ते १८४९ या काळात सुलतान अब्दुलमजीद याने स्वित्झर्लंडच्या फोसाती बंधूंकडून मोठी दुरुस्ती करवली. त्या वेळी गिलाव्याखाली प्रभू येशूची आणि पवित्र मरियेची जुनी मोझेक चित्रे दिसली. फोसातींनी त्यांची रेखाटने करून ती पुन्हा झाकली.

तुर्की प्रजासत्ताकाने १९३४ साली निर्णय घेऊन या वास्तूचे संग्रहालय केले आणि १९३५ मध्ये ते खुले झाले. जुलै २०२० मध्ये तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरवला. २४ जुलै २०२० रोजी तेथे पुन्हा शुक्रवारची नमाज झाली. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी त्या वेळी आपले तीव्र दुःख मोजक्या शब्दांत व्यक्त केले होते.

आम्हांलाही दुःख झाले. मात्र त्या दुःखासोबत दोन आठवणी ठेवाव्यात, असे आम्हांला वाटते. पहिली पँथिऑनची. ते आपण दुसऱ्यांच्या श्रद्धेकडून घेतले आहे. दुसरी १२०४ ची. तलवार उपसून या मंदिरात प्रथम शिरलेले परके सैन्य ख्रिस्ती होते. तराजू एकच असला पाहिजे. आपल्या वाट्याचे तेवढे मोजणारा तराजू इतिहासाच्या कामाचा नाही आणि शुभवर्तमानाच्याही नाही.

फ्लॉरेन्सचा सोनार

इटलीतील फ्लॉरेन्स नगराने १२९६ मध्ये नव्या कथीड्रलचे काम सुरू केले. भिंती चढल्या, कमानी चढल्या. पण मध्यावर सुमारे ४५ मीटर रुंदीचे अष्टकोनी भगदाड उघडेच राहिले. त्यावर घुमट चढवायचा तर गवंडी ज्याला सेंट्रिंग म्हणतात तो लाकडी सांगाडा हवा. इतक्या उंचीवर, इतक्या रुंदीचा सांगाडा उभारायला लाकूड आणायचे कोठून? ज्यांनी आराखडा केला त्यांना हे उत्तर ठाऊक नव्हते. पुढच्या पिढीला ते सापडेल, या भरवशावर त्यांनी पाया घातला होता.

१४१८ मध्ये स्पर्धा जाहीर झाली. फिलिप्पो ब्रुनेलेस्की नावाच्या एका सोनाराने सांगितले, जमिनीवरून सांगाडा न उभारता मी घुमट बांधतो. लोकांनी त्याला वेड्यात काढले. १४२० मध्ये काम सुरू झाले. त्याने एकात एक असे दोन घुमट बांधले, म्हणजे भार कमी होईल. विटा आडव्या रांगेतच न ठेवता ठरावीक अंतरावर उभ्या विटा घालून तिरपी वीण घातली. त्यामुळे चुना ओला असतानाही वीट घसरत नसे आणि प्रत्येक पूर्ण झालेले कडे वरच्या कड्याला आधार देई. फाकणे रोखण्यासाठी घुमटाच्या पोटात दगडांच्या चार आणि लाकडाची एक अशा साखळ्या गुंफल्या. ओझी चढवण्यासाठी त्याने बैलांनी फिरणारे एक यंत्र रचले. बैलांचे तोंड न फिरवता, दातेरी चाक बदलून, त्याच यंत्राने ओझे वर नेता येई आणि खालीही आणता येई. मजुरांचा वेळ आणि शक्ती खर्ची पडू नये म्हणून वरच जेवणाची सोय केली होती, असे चरित्रकार व्हासारी सांगतो.

सोळा वर्षांनी, १४३६ मध्ये, घुमट पूर्ण झाला. त्याच वर्षी २५ मार्च रोजी, देवदूताच्या निरोपाच्या सणाला, पोप चौथे यूजीन यांच्या हस्ते कथीड्रलचे अर्पण झाले. ब्रुनेलेस्की १४४६ मध्ये वारला, तेव्हा माथ्यावरील कळसाचे काम नुकतेच सुरू झाले होते. पाया घालणाऱ्याने घुमट पाहिला नाही, घुमट बांधणाऱ्याने कळस पाहिला नाही. तरी काम अडले नाही.

संत पेत्राचे महामंदिर

आता रोमला परत येऊ. संत पेत्राच्या कबरीवर सम्राट कॉन्स्टंटाईनने चौथ्या शतकात बांधवलेले महामंदिर सुमारे बाराशे वर्षे उभे होते. पुढे भिंती कलल्या, छप्पर धोक्याचे झाले. पोप दुसरे ज्युलियस यांनी दुरुस्तीऐवजी नवे बांधण्याचे ठरवले आणि १८ एप्रिल १५०६ रोजी पायाचा दगड बसवला. त्यांचा स्थपती ब्रामान्ते याने जुने मंदिर इतक्या घाईने पाडले, त्यातील खांब आणि कबरी यांची इतकी मोडतोड झाली की रोमकरांनी त्याला ‘विध्वंसक’ हे टोपणनाव दिले.

नव्या मंदिराला अमाप पैसा लागला. तो उभा करण्यासाठी इंडल्जन्सचा, म्हणजे पापाच्या दंडातून मिळणाऱ्या सुटीचा, प्रचार जर्मनीत ज्या पद्धतीने झाला, तिच्यावर १५१७ मध्ये मार्टिन लूथरने आघात केला. पुढे काय झाले ते वाचकांना ठाऊकच आहे. पश्चिमेकडील ख्रिस्तसभेच्या दुभंगाचे तेच एकमेव कारण होते, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. तथापि, जगातील सर्वांत सुंदर घुमटाच्या पायाशी ही भेग आहे, हे आपण लपवू नये.

१५४७ मध्ये हे काम मायकेलँजेलोच्या शिरावर आले, तेव्हा तो ७१ वर्षांचा होता. देवाच्या प्रेमाखातर हे करतो, असे म्हणून त्याने वेतन नाकारले. १५६४ मध्ये तो मरण पावला तेव्हा घुमटाखालील ढोलासारखी गोल भिंत वर आली होती. घुमट जाकोमो देल्ला पोर्ता आणि दोमेनिको फोन्ताना यांनी १५८८ ते १५९० या काळात चढवला. त्याचा आतील व्यास सुमारे ४२ मीटर आणि क्रुसापर्यंतची उंची सुमारे १३६ मीटर. १८ नोव्हेंबर १६२६ रोजी पोप आठवे अर्बन यांनी मंदिराचे अर्पण केले.

पुढे घुमटाला भेगा पडल्या. अफवा उठल्या, घुमट कोसळणार! पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी १७४२ मध्ये तीन गणितज्ञांना पाचारण केले. तिघेही व्रतस्थ होते: येशूसंघीय रुजेर बोस्कोविच आणि मिनिम संघाचे ल स्योर व झाकिए. त्यांनी आकडेमोड करून आणखी लोखंडी कडी घालण्याचा सल्ला दिला. नंतर पादुआच्या जोव्हान्नी पोलेनी या प्राध्यापकानेही परीक्षा केली. त्याने एका साखळीला घुमटाच्या भागांच्या प्रमाणात वजने बांधून ती टांगली. टांगलेल्या साखळीचा आकार उलटा केला की भार पेलणारी आदर्श कमान मिळते. ती आकृती घुमटाच्या जाडीत बसते, तेव्हा घुमट सुरक्षित आहे, असे त्याने दाखवले. मात्र फाकणे रोखायला कडी हवीतच, यावर सर्वांचे एकमत झाले. १७४३-४४ मध्ये पाच लोखंडी कडी बसली. पूर्वीचे एक कडे तुटलेले आढळल्यावर १७४८ मध्ये सहावे घातले गेले.

देवावर भरवसा होता, म्हणून पोपमहाशयांनी गणिताकडे पाठ फिरवली नाही, आणि गणितज्ञांनाही प्रार्थनेचा अडथळा झाला नाही. श्रद्धा आणि शास्त्र यांच्या भांडणाच्या कथा आपण फार ऐकतो. सहकार्याची ही कथाही मुलांच्या कानी पडावी.

विजापूर आणि गोवे

त्याच सतराव्या शतकात आपल्या दख्खनमध्येही एक घुमट आकाशाला भिडत होता. विजापूरचा सुलतान मुहम्मद आदिलशाह १६५६ मध्ये मरण पावला. त्याची कबर म्हणजे गोलघुमट. आतील व्यास सुमारे ३८ मीटर. येथील कारागिरांनी एकमेकांना छेदणाऱ्या आठ कमानी अशा रचल्या की चौकोनी दालन वर जाताना आत झुकत येते, आणि आत झुकलेल्या या बांधकामाचा भार घुमटाच्या बाहेर फाकण्याला तोलून धरतो. हा स्थपती दाभोळचा याकूत होता, असे परंपरा सांगते. म्हणजे हे उत्तर आपल्या कोकणच्या किनाऱ्यावरील माणसाने शोधले, असे मानायला हरकत नाही. सज्जात उभे राहून कुजबुजले तरी पलीकडच्या टोकाला शब्द ऐकू येतो, हे सहलीला गेलेल्या अनेक वाचकांनी अनुभवले असेल.

ज्या पोप आठवे अर्बन यांनी रोमच्या महामंदिराचे अर्पण केले, त्यांनीच गोवळकोंड्याला धर्मकार्यासाठी इटालियन थिएटाइन धर्मगुरू पाठवले होते. तेथे त्यांना थारा मिळाला नाही. ते गोव्यात राहिले. त्यांनी जुन्या गोव्यात संत कायतान यांच्या नावाने ओळखले जाणारे ख्रिस्तमंदिर बांधले. त्याचा नमुना संत पेत्राच्या महामंदिराचा आहे. आकार अर्थातच लहान, दगड कोकणचा जांभा आणि वर चुन्याचा गिलावा. रोमला जाणे ज्यांना शक्य नाही, त्यांनी या घुमटाखाली उभे राहून वर पाहावे.

तेथून थोड्याच अंतरावर संत ऑगस्टीनच्या ख्रिस्तमंदिराचे अवशेष आहेत. १८३५ मध्ये धर्मसंघांना घालवून दिल्यावर ते ओस पडले. १८४२ मध्ये त्याचे कमानदार छप्पर कोसळले, १९३१ मध्ये दर्शनी भाग पडला. आज अर्धा मनोरा तेवढा उभा आहे. दोन्ही मंदिरांवर पाऊस तोच पडला. फरक पडला तो सांभाळणाऱ्या हातांनी.

आपल्यासाठी

या वाटचालीतून आमच्या मनात एक गोष्ट पक्की झाली आहे. जुन्या वास्तू पूर्वजांनी मजबूत बांधल्या म्हणून टिकतात, ही समजूत अर्धीच खरी आहे. प्रत्येक पिढीतील कोणीतरी वर चढले, भेग पाहिली, ती मोजली आणि बुजवली, म्हणून त्या टिकल्या.

आज आपल्या अनेक धर्मग्रामांत जुने ख्रिस्तमंदिर अपुरे पडते. लोकसंख्या वाढली आहे, रविवारी माणसे अंगणात उभी राहतात. वृद्धांनी उन्हात उभे राहून मिस्सा ऐकावी, असे कोणी म्हणणार नाही. गरज खरी आहे. परंतु ‘पाडून नवे बांधू’ हा ठराव सभेत किती सहज संमत होतो! ज्या बाप्तिस्माकुंडावर आपल्या आजोबांना नाव मिळाले, ज्या वेदीपुढे आपल्या आईवडिलांनी लग्नाची वचने दिली, ती पाडताना आपण काय गमावतो, याचा हिशेब खर्चाच्या अंदाजपत्रकात येत नाही. जुन्याला लागून वाढवता येईल का, शेजारी सभागृह बांधून भागेल का, मिस्सा वाढवता येतील का, हे प्रश्न आधी विचारावेत. जुन्या बांधकामाची जाण असलेल्या वास्तुतज्ज्ञाचे मत घ्यावे. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला तर ओल आतच कोंडते आणि भिंत पोखरते, एवढी साधी गोष्ट माहीत नसल्यानेही कितीतरी नुकसान होते. सर्व विचार करून पाडणे अटळच ठरले, तर निदान छायाचित्रे, मोजमापे आणि कोरीव लाकूडकाम जपून ठेवावे.

आणि जेथे जुने मंदिर अजून उभे आहे, तेथे पावसाळ्यापूर्वी चार तरुणांनी छपरावर चढून पन्हळी साफ कराव्यात, सरकलेली कौले बसवावीत, भिंतीत रुजलेले पिंपळाचे रोप लहान असतानाच मुळासकट काढावे. सिनानने आणि पोलेनीने मोठ्या प्रमाणावर जे केले, ते याहून वेगळे नव्हते.